पाचव्या महिन्यातले ठोके

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात डोळे चुरचुरले की आपण स्वारगेटच्या धुळीवर खापर फोडतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण एखादी गरोदर बाई म्हणते, ‘डॉक्टर, डोळ्यांत रोज वाळू गेल्यासारखं होतं, आणि बाकरवडीचा तुकडासुद्धा पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही’, तेव्हा मी रक्ताची एक जादा तपासणी लिहून देते. अँटी-रो आणि अँटी-ला अँटीबॉडीजची.

अँटीबॉडीज खरं तर जंतूंशी लढायच्या. या मात्र घरच्यांवरच, म्हणजे स्वतःच्याच शरीरावर, उलटलेल्या असतात; डोळे-तोंड कोरडं पडणं ही त्याची एक खूण असू शकते. वारेतून आईच्या अँटीबॉडीज बाळाला मिळतात, त्याच्या भल्यासाठीच. त्याच वाटेने याही जातात. बाळाच्या हृदयात वरच्या कप्प्यांकडून खाली ठोक्याचा निरोप पोचवणारी एक इवलीशी गाठ असते. काही बाळांत तिला सूज येते, मग वण पडतो, आणि निरोप अडतो. हे घडतं मुख्यतः 18 ते 24 आठवड्यांत. मिनिटाला 110 ते 160 पडणारे ठोके मग 50-60 वर येतात.

लगेच धास्तावू नका. या अँटीबॉडीज असलेल्या शंभर आयांमध्ये एखाद-दुसरीच्याच बाळाला हा त्रास होतो. आधीच्या बाळाला झाला असेल तर मात्र पुढच्या खेपेला धोका सुमारे 18 टक्के. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, हो, कोविडच्या गोंधळात गाजलेली तीच गोळी, दहाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर हा धोका निम्म्याहून कमी होतो, असं 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. गोळी अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘ग्रहणात विळी धरली होतीस का?’ असं सासरचे विचारतात. अहो, कित्येकींना स्वतःला काहीच त्रास नसतो. बाळाचे ठोके मंदावले म्हणून रक्त तपासलं, तेव्हा कुठे त्यांना हे कळतं.

आणखी एक. मंद ठोके ऐकून ‘बाळ गुदमरतंय’ म्हणत सिझेरियनची घाई होऊ शकते. बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, केली की उलगडा होतो: वरचे कप्पे आपल्या नेहमीच्या गतीने चाललेले असतात, मागे पडतात ते खालचे.

पूर्ण अडलेली वाट पुन्हा खात्रीने उघडेल असं औषध आज नाही. यातल्या बऱ्याच मुलांना पुढे पेसमेकर लागतो. जन्मानंतर सहा-आठ महिन्यांत आईच्या अँटीबॉडीज बाळाच्या रक्तातून जातात, त्यांच्यामुळे अंगावर चट्टे आले असले तर तेही जातात. हृदयातला वण तेवढा राहतो.