घर हे दान आहे का?

मित्रहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय सामाजिक गृहनिर्माणाविषयीचे लोकमत हा असला, तरी मला मुख्यतः एका शब्दाविषयी बोलायचे आहे, आणि तो शब्द म्हणजे 'पात्र'. शासनाने, नगरपालिकेने किंवा एखाद्या विश्वस्त संस्थेने बांधलेली, बाजारभावापेक्षा कमी भाड्याने द्यायची घरे जिथे जिथे उभी राहिली, तिथे तिथे पात्र कोण आणि अपात्र कोण हा वाद त्यांच्या भिंतींइतकाच जुना आहे. घरे थोडी आणि मागणारे पुष्कळ असताना निवड करावीच लागणार, आणि निवडीला माझा आक्षेप नाही. परंतु आपल्या भाषेत 'सत्पात्री दान' असा एक जुना शब्दप्रयोग आहे, आणि मला वाटते की सार्वजनिक घरांचा विचार करताना आपल्या मनात नकळत तोच असतो. दान देणाऱ्याला घेणाऱ्याची पारख करण्याचा अधिकार आपण मानतो. घेणाऱ्याने नम्र असावे, ही अपेक्षाही आपल्याला वावगी वाटत नाही. मात्र दरमहा भाडे भरून राहायचे घर हे दान आहे का, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

लोक ही पारख कशी करतात, याचा अभ्यास झालेला आहे. विम व्हान ऑर्सकॉट या डच समाजशास्त्रज्ञांनी २००० साली पाच कसोट्या मांडल्या. आपली अवस्था माणसाने स्वतः ओढवून घेतली की ती त्याच्या हाताबाहेरची होती. मदत घेताना तो किती नरम आणि कृतज्ञ असतो. आजवर त्याने समाजाला काही दिले आहे का. तो 'आपल्यातला' आहे की परका. आणि शेवटी, त्याची गरज किती मोठी आहे. या पाचांपैकी गरजेची कसोटी एकच आहे, हे लक्षात घ्या. उरलेल्या चार माणसाच्या वागण्याच्या, पूर्वायुष्याच्या आणि मुळाच्या आहेत. याच अभ्यासकांनी पुढे युरोपातील अनेक देशांचे लोकमत तपासले, तेव्हा क्रम जवळजवळ सगळीकडे सारखा निघाला: सर्वांत वर वृद्ध, त्यांच्यामागे आजारी व अपंग, मग बेरोजगार, आणि तळाशी स्थलांतरित. वृद्ध वर का, हे समजणे अवघड नाही. म्हातारपण कोणी ओढवून घेत नाही आणि ते आपल्याही वाट्याला येणार आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. बेरोजगारीबद्दल मात्र 'माझ्यावर ती वेळ येणार नाही' असे मानण्याची सोय असते, आणि या सोयीतूनच पुष्कळसा कठोरपणा जन्म घेतो.

ही पारख फार जुनी आहे. इंग्लंडमधील १६०१ च्या दरिद्री-साहाय्य कायद्याने काम करू न शकणारे आणि धडधाकट असूनही काम नसणारे, अशी गरिबांची वर्गवारी केली. १८३४ च्या दुरुस्तीने त्यापुढे जाऊन असे तत्त्व घालून दिले, की सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब मजुराच्या स्थितीहूनही खालची असावी. मदत इतकी नकोशी करून ठेवायची की खरोखर नाइलाज झालेलाच दारात येईल, असा त्याचा अर्थ. पुढे घरे बांधण्याची वेळ आली तेव्हा हेच तत्त्व दुसऱ्या टोकाने आत आले. घर नकोसे करता येत नाही, म्हणून ज्याला द्यायचे त्याच्यावर अटी घालण्यात आल्या. १८६२ साली जॉर्ज पीबडी या अमेरिकन धनिकाच्या देणगीतून लंडनमध्ये कामकऱ्यांसाठी चाळवजा इमारती उभारण्याचे काम सुरू झाले. त्यांत खोली हवी असेल तर मालकाकडून वर्तणुकीची चिठ्ठी आणावी लागे, देवीची लस टोचून घेतलेली असावी लागे, भाडे दर आठवड्याला आगाऊ द्यावे लागे, आणि रात्री अकराला बाहेरचा दरवाजा बंद होई. या अटी वाईट हेतूने घातलेल्या नव्हत्या, लसीची अट तर शहाणपणाचीच होती. पण गोदीत रोज सकाळी उभे राहून काम मिळेल त्या दिवशीच कमावणाऱ्या हमालाने आठवड्याचे आगाऊ भाडे आणावे कोठून, आणि रोज वेगळा मुकादम असताना वर्तणुकीची चिठ्ठी मागावी कोणाकडे? ज्याचे हातावर पोट होते, तोच बाहेर राहिला.

लंडनच्याच पूर्व भागातील बाउंडरी स्ट्रीट वसाहतीची कथा याहून बोलकी आहे. तेथील जुनी, रोगट वस्ती पाडून लंडन काउंटी कौन्सिलने देखणी वसाहत उभारली आणि १९०० साली तिचे उद्घाटन झाले. वस्ती पाडताना पाच हजारांहून अधिक माणसे उठली होती. त्यांपैकी नव्या वसाहतीत परत आलेल्यांची संख्या इतिहासकार अवघी अकरा सांगतात. भाडे त्यांना झेपणारे नव्हते, आणि नवे रहिवासी कारागीर, कारकून, परिचारिका असे स्थिर उत्पन्नाचे होते. ज्यांच्या दैन्याकडे बोट दाखवून घरे मंजूर झाली, त्यांना ती मिळाली नाहीत.

आता मी तुम्हाला एका खोलीत नेतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये नगरपालिकांनी लक्षावधी घरे बांधली, आणि अर्जदाराला घर देण्यापूर्वी पालिकेच्या भेटनीस बाई त्याच्या सध्याच्या खोलीवर येत. त्या किती माणसे किती खोल्यांत राहतात हे लिहून घेत, भाड्याची पावती पाहत, आणि त्याबरोबरच अंथरूण-पांघरूण, फर्निचर, मुलांचे कपडे, चुलीजवळची स्वच्छता यांवर नजर टाकत. मग छापील तक्त्यात घर ठेवण्याच्या पद्धतीपुढे एक शेरा पडे: चांगले, मध्यम, वाईट. चांगला शेरा मिळालेल्या कुटुंबाला नव्या वसाहतीतले घर मिळण्याचा संभव असे, आणि खालचा शेरा मिळालेल्याला जुन्या, पाडायला टेकलेल्या इमारतीतले. ओल उतरलेल्या भिंतीच्या, जिन्यातल्या एका सामाईक नळावर चालणाऱ्या खोलीत चार मुले वाढवणाऱ्या आईला बाई येणार असे कळले की ती पहाटेपासून फरशी घासत असेल, शेजारणीकडून चादर उसनी आणत असेल. ज्या ओलीमुळे तिला घर हवे होते, तीच ओल तिच्या नावावर अस्वच्छता म्हणून जमा होत होती. १९६९ साली कलिंगवर्थ समितीने या पद्धतीची तपासणी केली, तेव्हा नव्या घरासाठी सदाचार आणि टापटीप हीच जणू आवश्यक पात्रता बनली आहे, असे तिला ठिकठिकाणी आढळले. ही टीका सरकारनेच नेमलेल्या समितीने केली, हे मला महत्त्वाचे वाटते.

पुढे शेऱ्यांची जागा गुणांनी घेतली. खोलीत माणसे किती, स्वयंपाकघर सामाईक आहे का, आजार कोणता, थांबून वर्षे किती झाली, यांचे गुण मांडायचे आणि बेरजेनुसार यादी लावायची. ही पद्धत पहिल्यापेक्षा निश्चितच न्याय्य आहे. पण तिच्यात दुःखालाच भाव येतो. थोरला मुलगा कामासाठी दुसऱ्या शहरी गेला, तर दाटीचे गुण कमी होऊन आई यादीत खाली सरकते, म्हणजे कुटुंबाची थोडीशी उन्नती घराला महाग पडते. त्यातही चारित्र्याची कसोटी पूर्ण गेलेली नव्हतीच. ब्रिटनमध्ये १९७७ साली बेघरांना घर देण्याचे कर्तव्य प्रथमच कायद्याने स्थानिक संस्थांवर घातले गेले. हा मोठा टप्पा होता. मात्र विधेयक संसदेतून जाताना 'जाणूनबुजून बेघर झालेला' असा एक वर्ग त्यात घातला गेला, आणि पाच कसोट्यांपैकी पहिली कसोटी थेट कायद्याच्या कलमात येऊन बसली. भाडे थकून घर गेले, तर ते थकवले की थकले, हे एका अधिकाऱ्याने बंद फायलीवरून ठरवायचे असते.

येथे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे सांगतो. पात्रतेचे दार जितके अरुंद करावे, तितकी आत गेलेल्यांची किंमत समाजाच्या डोळ्यांत उतरते. १९४९ च्या कायद्याने ब्रिटनमधील नगरपालिकांची घरे केवळ 'श्रमिक वर्गासाठी' असण्याची अट काढून टाकली, कारण तेव्हाचे मंत्री अन्युरिन बेव्हन यांना डॉक्टर, वाणी, खाटीक आणि शेतमजूर एकाच रस्त्यावर शेजारी राहायला हवे होते. १९८० नंतर भाडेकरूंना आपले घर मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. ज्यांना परवडले त्यांनी चांगली घरे घेतली, गेलेल्या घरांच्या प्रमाणात नवी बांधली गेली नाहीत, आणि उरलेली घरे सर्वांत अडचणीतल्या कुटुंबांना देण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. मग त्याच घरांकडे बोट दाखवून 'तिथे कसली माणसे राहतात पाहा' असे म्हणणे सुरू झाले. अमेरिकेत सेंट लुईस शहरातील प्रुइट-आयगो वसाहतीचे नाव आजही सार्वजनिक घरांच्या अपयशाचा पुरावा म्हणून घेतले जाते. अकरा मजल्यांच्या त्या तेहतीस इमारती १९५० च्या दशकात उभ्या राहिल्या आणि १९७२ पासून त्या पाडायला सुरुवात झाली. परंतु देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातूनच भागवायचा आणि भाडेकरू मात्र गरिबांतले गरीबच घ्यायचे, असा हिशेब तिथे होता. शहराची लोकसंख्या घटत गेली, गाळे रिकामे पडले, भाडे आटले, आणि लिफ्ट बंद पडली तर दुरुस्तीला पैसे उरेनात. १९६९ मध्ये शहरातील सार्वजनिक घरांच्या भाडेकरूंनी भाडेबंदी केली, ती याच असह्य हिशेबाविरुद्ध. दोष रहिवाशांच्या स्वभावावर टाकला गेला.

याच्या शेजारी व्हिएन्ना ठेवून पाहा. तेथील नगरपालिकेने १९२३ साली घरबांधणीसाठी चढत्या दराचा कर लावला. मोठ्या बंगल्याला अधिक, साध्या घराला नाममात्र. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे झाली. १९३० साली खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या एक किलोमीटरहून लांब इमारतीत धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाडी, ग्रंथालय आणि दवाखाने होते, आणि जमिनीचा बहुतेक भाग बागांसाठी मोकळा ठेवलेला होता. आज त्या शहरातील सुमारे निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांच्या घरांत राहतात. उत्पन्नाची मर्यादा इतकी वर ठेवलेली आहे की शिक्षक आणि बसचालक दोघेही तीत बसतात, आणि पुढे पगार वाढला म्हणून कोणाला घर सोडावे लागत नाही. तिथे नगरपालिकेच्या घराचा पत्ता सांगताना कोणाला मान खाली घालावी लागत नाही. व्हिएन्नातही प्रतीक्षायादी आहे, आणि नव्याने शहरात आलेल्याला थांबावे लागते, हेही सांगितले पाहिजे.

'पण हे सगळे आमच्या करांतून का?' असा प्रश्न नेहमी येतो, आणि तो प्रामाणिक असतो. घाम गाळून हप्ते फेडणाऱ्याला हा प्रश्न पडावा, यात गैर काही नाही. त्याला मी एवढेच सांगेन, की घरासाठी सार्वजनिक पैसा केवळ गरिबांवर खर्च होत नाही. अमेरिकेत गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारी करसवलत १९१३ पासून आहे. ब्रिटनमध्ये तशी सवलत २००० सालापर्यंत होती. जितके मोठे कर्ज, तितकी सामान्यतः मोठी सवलत. ती घेणाऱ्याच्या घरी कोणी अंथरूण पाहायला गेले नाही, त्याला कृतज्ञ राहा असे सांगितले नाही. न घेतलेला कर आणि दिलेले अनुदान यांचा तिजोरीवरचा परिणाम एकच असतो. परंतु एकाला आपण हक्क म्हणतो आणि दुसऱ्याला दान.

सर्वांत खालच्या पायरीवर ज्यांना उभे केले जाते, त्या व्यसनी आणि वर्षानुवर्षे रस्त्यावर राहिलेल्या माणसांविषयी बोलून थांबतो, कारण पात्रतेच्या कल्पनेची खरी परीक्षा तिथेच होते. रूढ पद्धत अशी होती की आधी दारू सोडा, उपचार घ्या, शिस्त दाखवा, मग पायरीपायरीने घर मिळेल. बहुतेक माणसे मधल्याच पायरीवर घसरत. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी क्रम उलटा केला: आधी घर, बाकीचे नंतर. त्यांच्या संस्थेतील ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक पाच वर्षांनंतरही घरात टिकून होते. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे अठरा हजारांच्या आसपास माणसे बेघर होती. २०२३ मध्ये ही संख्या साडेतीन हजारांच्या खाली आली. हेलसिंकीतील अडीचशे खाटांच्या एका जुन्या रात्रनिवाऱ्याचे ऐंशीएक स्वतंत्र घरांत रूपांतर झाले. समुपदेशक त्याच इमारतीत असतात, ज्याला हवे तो त्यांच्याकडे जातो. भाडेकरार रहिवाशाच्या स्वतःच्या नावावर असतो, भाडे त्याच्या नावाने भरले जाते, आणि त्याला भेटायला आलेल्या कर्मचाऱ्याने आधी दार वाजवून तो उघडेपर्यंत थांबायचे असते.