खाऱ्या पाण्यातून हायड्रोजन: कस लागतो तो धातूचा

चित्रात दिसणारी ही राखाडी, सच्छिद्र पट्टी निकेलच्या फोमची आहे. ती अल्कधर्मी पाण्यात बुडवून वीज जोडली, की तिच्यावर ऑक्सिजनचे बुडबुडे धरतात आणि समोरच्या ऋणाग्रावरून हायड्रोजन सुटू लागतो. शुद्ध पाण्यात निकेल हे काम वर्षानुवर्षे बिनबोभाट करते. समुद्राच्या पाण्यात मात्र त्याचा निभाव लागत नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला निम्म्याहून अधिक वाटा एकट्या क्लोराइडचा असतो. धनाग्रावर ऑक्सिजनचा एक रेणू तयार होताना चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, तर क्लोरीनला दोनच पुरतात. त्यामुळे विद्युतदाब थोडा जास्त झाला, की क्लोरीनची अभिक्रिया पुढे सरसावते. पाणी अल्कधर्मी ठेवले, तर या दोन अभिक्रियांमध्ये सुमारे ०.४८ व्होल्टचे अंतर मिळते, आणि तेवढ्या मर्यादेत उद्योगाला पुरेल इतका प्रवाह देणे ही उत्प्रेरकाची खरी परीक्षा असते. निकेल आणि लोह यांचे थराथरांचे हायड्रॉक्साइड या परीक्षेत उतरते, तेही इरिडिअमसारख्या दुर्मिळ धातूच्या आधाराविना.

क्लोरीन तयार झाला नाही, तरी क्लोराइड धातूत शिरून त्याला आतून पोखरतोच. स्टॅनफर्ड विद्यापीठातील होंगजिए दाई यांच्या गटाने २०१९ मध्ये यावर तोड काढली. त्यांनी निकेलच्या फोमवर आधी निकेल सल्फाइडचा थर दिला आणि त्यावर निकेल-लोहाचे हायड्रॉक्साइड चढवले. वीज वाहू लागली, की थरांमध्ये सल्फेट आणि कार्बोनेटचे ऋणभारित आयन येऊन बसतात आणि तितक्याच ऋणभारित क्लोराइडला बाहेरच्या बाहेर परतवून लावतात. अल्कधर्मी केलेल्या समुद्राच्या पाण्यात हे धनाग्र १००० तासांहून अधिक काळ टिकले.

ऋणाग्राचे दुखणे वेगळे आहे. तिथे पाणी स्थानिक पातळीवर अधिक अल्कधर्मी होते, मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका पृष्ठभागावर बसतो आणि उत्प्रेरक त्याखाली झाकला जातो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पाणी आधी गोडे का करून घेऊ नये, असा आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे ९ लिटर पाणी आणि ५० युनिट वीज लागते. तेवढे पाणी गोडे करायला युनिटचा शंभरावा भाग, फार तर त्याच्या काही पट, वीज पुरते. म्हणजे विजेची बचत हे या संशोधनाचे समर्थन होऊच शकत नाही. समर्थन असलेच, तर ते जागेच्या आणि यंत्रणेच्या बचतीत, विशेषतः भर समुद्रातल्या पवनचक्क्यांपाशी, शोधावे लागेल. पण तिथली वीज वाऱ्यानुसार येते-जाते, आणि वीज थांबली, की विद्युतघटात उलटा प्रवाह वाहून ऋणाग्राची झीज होते. त्यामुळे अखंड चालवून मिळालेले हजार तास अशा ठिकाणी जसेच्या तसे हिशेबात धरता येत नाहीत.