दारातला उजेड आणि कॅमेऱ्यातला चेहरा

सभासदहो, सोसायटीसाठी कॅमेरा घ्यायचा म्हटले की आपला पहिला प्रश्न असतो, "किती मेगापिक्सेलचा?" माझ्या मते हा प्रश्न पुष्कळ नंतरचा आहे. कॅमेऱ्याची खरी कसोटी लागते ती ऊन आणि सावली एकाच चौकटीत येतात तिथे, आणि आपल्या इमारतींत अशी जागा ठरलेली असते: इमारतीखालच्या पार्किंगमधून फाटकाकडे पाहणारा कॅमेरा.

उन्हाळ्यातली दुपार घ्या. फाटकाबाहेर सुमारे १ लाख लक्स (लक्स म्हणजे पडणारा उजेड मोजण्याचे एकक) उजेड आणि आत खांबांच्या सावलीत, समजा, ५० लक्स; म्हणजे नुसत्या उजेडाचेच प्रमाण २,०००:१ झाले. त्यात समोरची पांढरी भिंत पडलेल्या उजेडापैकी ८० टक्के परत फेकते आणि आत येणाऱ्या माणसाचा काळा शर्ट जेमतेम ५ टक्के, असे धरले तर प्रमाण ३२,०००:१ होते. डेसिबलमध्ये, म्हणजे मोठी प्रमाणे लहान आकड्यांत मांडण्याच्या मापात (इथे दर दहापटीला २० डेसिबल), ते ९० भरते. साध्या सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपचा, आवाका ६०-७० डेसिबलच्या आसपास असतो, म्हणून एक तर रस्ता पांढराफटक होतो, नाही तर माणसाची नुसती काळी आकृती उरते.

यावर उपाय म्हणून 'डब्ल्यूडीआर' (वाइड डायनॅमिक रेंज, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एका चित्रात सांभाळण्याची सोय) असते. खऱ्या डब्ल्यूडीआरमध्ये कमी-अधिक एक्स्पोजरची (म्हणजे कमी-अधिक उजेड आत घेतलेली) दोन-तीन चित्रे लागोपाठ घेऊन जोडली जातात. अशा कॅमेऱ्यांवर बहुधा १२० डीबी (डेसिबल) असा आकडा असतो. त्याच्या आधी 'डिजिटल' हा शब्द असेल तर सावध व्हावे, कारण तिथे सावलीचा भाग नंतर उजळवलेला असतो. माणूस दिसतो खरा, पण दाणेदार, नाकडोळे हरवलेला. खऱ्या डब्ल्यूडीआरचाही एक दोष आहे. जोडलेली चित्रे एकाच क्षणाची नसल्यामुळे भरभर चालणाऱ्याच्या कडेला कधी कधी दुहेरी रेघ उमटते.

म्हणून मी तुलना करतो ती दोन्ही कॅमेरे एकाच पट्टीवर शेजारी शेजारी बसवून, समोरून माणूस चालवून. दिवेलागणीच्या वेळी केलेल्या अशा एका तुलनेत पहिल्या कॅमेऱ्याचे चित्र इतके उजळ होते की खांबाच्या रंगाचे पोपडेही मोजता यावेत, आणि जमलेल्या सर्वांनी त्यालाच पसंती दिली. मग रेकॉर्डिंग थांबवून पाहिले. चालत आलेल्या मुलाच्या शर्टाच्या चौकटी पुसल्या गेल्या होत्या आणि चेहऱ्याचा आडवा फराटा झाला होता. शटर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ, आपोआप १/१२ सेकंदापर्यंत मंदावले होते, आणि साध्या चालीने माणूस तेवढ्यात १० सेंटिमीटर सरकतो. दुसऱ्या कॅमेऱ्याचे शटर १/५० वर होते. त्याचे चित्र काळपट, थोडे खरखरीत, पण मुलाच्या भुवया आणि कपाळावरचे केस ओळखू येत होते. आपल्याला खांब ओळखायचा नाही, माणूस ओळखायचा आहे, हे मी आग्रहाने सांगतो.

तुलना नेहमी रेकॉर्डिंगवरून करावी, तीही मोठ्या पडद्यावर. अनेक कॅमेऱ्यांची चित्रे एकत्र दाखवताना मोबाइलवर बहुधा दुय्यम, कमी तपशिलाची प्रत येते आणि त्यावरून दिलेला निकाल चांगल्या कॅमेऱ्यावर अन्याय करतो.

रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे; त्यात चित्र काळे-पांढरे येते) लागल्यावर अडचण निराळी असते. चौकटीत जवळची भिंत किंवा छताचा काठ आला, तर तोच लख्ख उजळतो, कॅमेरा त्याला पाहून एक्स्पोजर कमी करतो आणि फाटक अंधारात जाते. भिंगासमोरचा कोळ्याच्या जाळ्याचा एक धागासुद्धा पांढऱ्या दोरीसारखा चमकतो. इथे कॅमेरा बदलण्याआधी त्याचा कोन थोडा वळवावा आणि भिंग पुसावे.

दुपारच्या अडचणीवरही नव्या कॅमेऱ्याआधी करण्यासारखा एक स्वस्त उपाय आहे. फाटकाच्या आतल्या बाजूला, येणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असा एलईडी दिवा लावून तिथले ५० लक्स २०० केले, तर उजेडातली तफावत चौपटीने, म्हणजे १२ डेसिबलनी कमी होते. तोच दिवा रात्रीही चालू ठेवला, तर शर्टाचा रंगही रेकॉर्डिंगमध्ये येतो.