आधी हवा, मग मशीन

(उद्यमबाग, बेळगाव इथं फॅब्रिकेशन शॉपवाल्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय 'सीएनसी प्लाझ्मा मशीन कसं निवडावं'. म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, विजेनं धातूचा पत्रा कापणारं मशीन. त्यावर येतोच. पण समोर बसलेले निम्मे लोक मला ओळखतात, आणि मी विषयावर कधी येतो यावर पहिल्या रांगेत चहाची पैज लागलीय, हे मला इथून दिसतंय.

तुमच्यातल्या बहुतेकांचा हात गॅस कटरवर बसलाय. आपण म्हणतो गॅसनं लोखंड कापतो, पण खरं तर आपण ते जाळतो. नऊशे अंशांच्या आसपास तापवायचं, ऑक्सिजन सोडायचा, लोखंड पेटतं आणि त्याचा मळ वितळून खाली उडतो. हे जमतं, कारण लोखंडाचा ऑक्साईड लोखंडाच्या आधी वितळतो. स्टेनलेसचा तसा नाही, क्रोमियमचा ऑक्साईड वितळायलाच मागत नाही. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरची ऑक्साईडची साय २००० च्या पुढं. प्लाझ्माला हे सोवळंओवळं नाही. बारीक भोकातून दाबानं हवा सोडायची, त्यातूनच आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी, काढायचा. आर्क आवळला गेला की वीस हजार अंशांच्या घरात जातो. वीज वाहणारा धातू असला की झालं, कापला.

आता एक गंमत. टॉर्चच्या, म्हणजे आर्क सोडणाऱ्या मुंडक्याच्या, आत एक छोटी रिंग असते, तिच्या तिरक्या भोकांमुळं हवा भोवऱ्यासारखी फिरत खाली येते. त्यामुळं टॉर्च ज्या दिशेला चाललाय त्याच्या उजव्या हाताची कड सरळ येते आणि डाव्या हाताची तिरकी. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेनं कापायची आणि आतलं भोक उलट दिशेनं. म्हणजे दोन्हीकडं चांगली कड आपल्या मालाला, तिरकी भंगाराला. सीमारेषेच्या कुठल्या बाजूला माल आणि कुठल्या बाजूला भंगार, हे प्लाझ्माला आधी सांगून ठेवावं लागतं. आपल्याकडं ते ठरायला इतकी वर्षं का लागताहेत, हा माझा विषय नाही. हसलात, म्हणजे जागे आहात.

तर, माझं पहिलं मशीन. मे महिन्यात बसवलं. १५०० बाय ३००० चं टेबल, शंभर अँपिअरचा सोर्स, म्हणजे आर्कला वीज देणारा डबा. नारळ फोडला. विकणाऱ्या कंपनीच्या पोरानं सहा मिलीच्या पत्र्यातून माझं नाव कापून दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते नाव अजून ऑफिसात आहे. आज बघितलं की कळतं, खालच्या कडेला केवढा मळ चिकटलाय. त्या दिवशी कुणी उलटं करून बघितलंच नाही.

जुलैत साखर कारखान्याचं काम आलं. तुम्हाला हे चक्र माहीत आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर गाळप बंद होतं, मग पावसाळाभर दुरुस्ती, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला बॉयलर पेटायच्या आत सगळं उभं पाहिजे. म्हणजे आपल्या अख्ख्या भागातलं प्लेट कटिंग नेमकं पावसात. सोळा मिलीच्या बेस प्लेटी, दहा मिलीच्या गसेट, म्हणजे सांध्याला जोर देणाऱ्या पट्ट्या. आणि माझे नोझल, म्हणजे टॉर्चच्या तोंडाची बारीक भोकाची तांब्याची टोपणं, मरायला लागले. मेमध्ये जो नोझल शिफ्टभर चालायचा, ते जुलैत जेवायच्या सुट्टीपर्यंत तीन संपायचे. भोक गोल राहायचं नाही, अंडाकृती व्हायचं. आर्कला हिरवी झाक यायची. हिरवं दिसलं की समजायचं, आतलं तांबं जळतंय. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला वाटायचं, दिसतंय छान.

कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, तुमचं व्होल्टेज बरोबर नाही. स्टॅबिलायझर आणला. नोझल मरतच होते. वायरमन म्हणाला, अर्थिंग. खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, नवी पट्टी टाकली. अर्थिंग झकास झालं, नोझल मरतच होते. कुणी म्हणालं, ऑपरेटरचा हात वाईट. अहो, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला हात कसला? पण वैताग असा होता की मी ऑपरेटरही बदलून बघितला. शेवटी आईनं लिंबू-मिरची दिली. ती आम्ही गँट्रीला, म्हणजे टॉर्च घेऊन टेबलावर फिरणाऱ्या आडव्या पुलाला, बांधली. तिसऱ्या दिवशी मिरची गँट्री ज्यावर सरकते त्या रॅकच्या दात्यात अडकली आणि एक प्लेट वाया गेली.

आमच्याकडं एक मामा होते, खानापूरकडचे, जुने गॅस कटरवाले. या मशीनवर त्यांचा राग. 'टीव्हीवर कापायचं' म्हणायचे. एके दिवशी दुपारी बघतो तर मामा कॉम्प्रेसरच्या टाकीखाली उकिडवे बसून हात धुताहेत. खालचा ड्रेन कॉक उघडलेला, फुसफुस करत पाणी येतंय.

म्हटलं, "मामा, पाणी कुठलं हे?"

"टाकीचंच की, मालक. रोज येतंय. निम्मी बादली तरी निघतंय बघा."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी कुठं विचारलासा?"

महिनाभर मी वीज, जमीन, माणूस आणि दृष्ट असं सगळं तपासलं होतं. हवा तपासली नव्हती.

हिशोब सांगतो, कारण मी तो तेव्हा केला असता तर बरं झालं असतं. असा टॉर्च मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास हवा खातो, म्हणजे तासाला बारा घनमीटर. पावसाळ्यातल्या आपल्या हवेत घनमीटरला वीस ग्रॅमच्या जवळ वाफ असते. ती हवा दाबून आठवा हिस्सा केली आणि गार झाली, की तेवढी वाफ तिच्यात मावत नाही, तिचं पाणी होतं. तासाला दोनशे ग्रॅम धरा. सलग चाललं तर शिफ्टला दीड लिटरच्या वर. त्यातलं काही टाकीत पडतं, बाकीचं पाइपातून तुमच्या टॉर्चमध्ये. तिथं नोझलच्या आत इलेक्ट्रोड असतो, त्याच्या टोकाला हाफनियम या धातूचा बारीक ठिपका बसवलेला असतो, आर्क त्याच्यावर उभा राहतो. पाणी लागलं की तो ठिपका झपाट्यानं झिजतो, आर्क भरकटतो आणि नोझलचं भोक खातो.

आणि तो काचेचा पेला असलेला फिल्टर लावून निश्चिंत होऊ नका. पेला थेंब पकडतो, वाफ पकडत नाही. वाफ पुढं जाऊन टॉर्चच्या तोंडाशी थेंब होते. त्याला ड्रायर लागतो, फ्रिजसारखा, हवा तीन अंशांपर्यंत गार करून पाणी काढून टाकणारा. लाइनचा फाटा मुख्य पाइपाच्या वरच्या बाजूनं काढा, खालून नाही. खालून काढलात तर पाइपातलं सगळं पाणी आधी तुमच्याच मशीनला. माझा ड्रायर आला आणि नोझल पुन्हा शिफ्टभर चालायला लागले. मामांनी मात्र तक्रार केली, हात धुवायला पाणी नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, निवड.

पहिलं, जाडी. कॅटलॉगात तीन आकडे असतात. प्लेटच्या मध्ये भोक पाडून किती कापतं, कडेनं सुरू करून किती कापतं, आणि कसंबसं तोडतं किती. मोठ्या अक्षरात छापतात तो तिसरा. तुम्ही बघायचा पहिला. सोबत ड्यूटी सायकल विचारा. ६० टक्के म्हणजे चाळीस अंश तापमानाला दर दहा मिनिटांत सहा मिनिटं कापायचं, बाकी थांबायचं. सीएनसी टेबलावर शंभर टक्केवालाच अँपिअर धरून हिशोब करा.

दुसरं, उंची राखणारा कंट्रोल. पत्रा कधी सपाट नसतो, कापताना तापून आणखी उचलतो. आर्क लांबला की व्होल्टेज वाढतं, त्यावरून मशीन टॉर्च वर-खाली करतं. पण कोपऱ्यावर मशीनचा वेग कमी होतो, खाच रुंद होते, व्होल्टेज चढतं आणि टॉर्चला वाटतं आपण वर गेलो. तो खाली बुडी मारतो आणि प्लेटवर आपटतो. म्हणून कोपऱ्यावर उंची लॉक होते का, हे विचाराच. इलेक्ट्रोडचा खड्डा मिलीमीटरभर खोल झाला की बदला. झिजल्यावर तोच व्होल्टेज आकडा टॉर्चला हळूहळू खाली बसवतो.

तिसरं, मळ. खाली जाड, फुगीर, हातोडीनं उडणारा मळ आला तर वेग कमी आहे. बारीक, कडक, ग्राइंडरच मागणारी रेघ आली तर वेग जास्त आहे. आपली पोरं दोन्ही वेळा वेग कमी करतात.

चौथं, भोकं. २५० बाय २५०, सोळा मिलीची बेस प्लेट, वजन ७.८५ किलो, आकडा लक्षात ठेवायला सोपा. त्यात अठरा मिलीचं भोक हवेच्या प्लाझ्मानं पाडलंत तर ते निमुळतं येतं, बोल्ट वरून जातो आणि मध्येच अडतो. भोक जाडीच्या दीडपट तरी असू द्या. नाहीतर प्लाझ्मानं नुसतं मार्किंग करा आणि ड्रिल मारा. ड्रिलवाल्याला काढून टाकू नका.

लेझर की प्लाझ्मा? तीन-चार मिलीखाली काम जास्त असेल तर जवळच्या लेझरवाल्याकडून कापून आणा, मशीन घेऊ नका. सहा ते पंचवीस मिली, ट्रॉलीचे चासिस, ब्रॅकेट, कारखान्याचं काम असेल तर प्लाझ्मा. पन्नास मिलीच्या पुढं मामा.

आणि घ्यायला जाताना स्वतःची प्लेट न्या. त्यांची नको. तुमचा रोजचा माल, तुमचं ड्रॉइंग, निदान वीस भोकं. इलेक्ट्रोड तासांपेक्षा सुरुवातींनी जास्त मरतो, म्हणून वीस. कापून झाल्यावर प्लेट उलटी करून बघा.

मागून प्रश्न आलाय, टेबलाखाली पाणी ठेवलं तर अ‍ॅल्युमिनियम कापावं का. धूर कमी होतो म्हणून मोह होतो, पण वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात पडलं की हायड्रोजन निघतो, प्लेटखाली साठतो आणि ठिणगीनं उडतो. टेबलात खालून हवा सोडायची सोय असली आणि तळातला चुरा रोज उपसला, तरच. नाहीतर पाणी काढून, पंखा लावून, कोरडं कापा.