पंख्याच्या कपॅसिटरमधली फिल्म

(दृश्य: छताच्या पंख्याचा पांढरा कपॅसिटर, जवळून.)

कपॅसिटर म्हणजे विद्युतभार साठवणारी डबी. तिच्यावर छापलंय: 2.5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट. पहिला आकडा एका व्होल्टला किती विद्युतभार मावतो ते सांगतो, दुसरा किती ताण, म्हणजे व्होल्टेज, सोसेल ते. दोन्ही आकडे आतल्या एका फिल्मवर अवलंबून आहेत.

(दृश्य: कापलेली डबी. चंदेरी गुंडाळी उलगडत जाते.)

ही पॉलिप्रॉपिलीनची फिल्म, जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची. तिच्यावरचा धातूचा थर तर त्याहून कितीतरी पातळ.

1837 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकल फॅरडेनं धातूच्या दोन गोलांमधल्या पोकळीत लाख, गंधक, काच भरून पाहिली. हवा असताना मावायचा त्याहून जास्त विद्युतभार मावू लागला. विद्युतक्षेत्रात पदार्थाचे रेणू किंचित ताणले जातात आणि उलट दिशेचं क्षेत्र उभं करतात. व्होल्टेज उतरतं, आणखी भाराला जागा होते.

भार मावण्याची ही क्षमता म्हणजे धारकता. पॉलिप्रॉपिलीनमुळे ती वाढते फक्त 2.2 पट. बेरियम टायटनेटसारखं सिरॅमिक ती हजार पटींच्या पुढे नेतं. मग पंख्यात हे साधं प्लास्टिक कशासाठी?

कारण साठणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साधी हवा मायक्रॉनमागे सुमारे 3 व्होल्टला हार मानते. चांगली पॉलिप्रॉपिलीन फिल्म 600 च्या आसपास टिकते. ताण 200 पट, म्हणजे ऊर्जा 40 हजार पट. त्याला 2.2 नं गुणा: तेवढ्याच जागेत 88 हजार पट! अर्थात प्रत्यक्षात फिल्म इतक्या टोकाला कुणी नेत नाही. उलट बेरियम टायटनेटची धारकता व्होल्टेज चढेल तशी घसरते. सोसण्याची ताकद ही मला या फिल्मची खरी श्रीमंती वाटते.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली फिल्म. एका भोकाभोवती धातू नसलेलं पारदर्शक कडं.)

तरीही एखादी जागा कच्ची निघतेच. तिथे सुटे इलेक्ट्रॉन वेगानं धावतात, आणखी इलेक्ट्रॉन उखडतात आणि फिल्मला भोक पडतं. त्याच क्षणी भोकाभोवतीचा धातू वाफ होऊन उडून जातो आणि शॉर्ट आपोआप तुटतो. कपॅसिटर वाचतो, फक्त थोडं क्षेत्रफळ गमावतो. असे घाव साचत गेले की 2.5 चे दोन मायक्रोफॅरड होतात आणि पंखा मंदावतो.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्या. व्होल्टचा आकडा मात्र जुन्यापेक्षा कमी नको.