पायलीची शीग कोणाची?

नमस्कार मंडळी! थांबा, कॅमेऱ्याजवळ आणते... दिसली? पायली. आमच्या घरची, पितळेची, आणि हा काठ पहा, राशीत खुपसून खुपसून एका बाजूनं पार पातळ झालाय, बोट फिरवलं तर लागतं.

वर्ध्याचं मगन संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते उघडलेलं, चरखे, ग्रामोद्योगाची अवजारं, सगळं आपल्याच लोकांच्या हातातलं, म्हणून मला ते फार आवडतं. पण कुठल्याही संग्रहालयात अशा मापाखाली पाटी असते ती एवढीच, "धान्य मोजण्याचे माप". ते माप कोणाच्या हातात होतं हे पाटीवर येत नाही, आणि मला तेच सांगायचंय.

हिशेब साधा आहे, दोन शेर म्हणजे अधोली, चार शेर म्हणजे पायली. पण शेर सगळीकडे सारखा नसायचा, या बाजारची पायली त्या बाजारात कमी भरायची.

खरी गंमत वरच्या शिगेत. काठावरून हात फिरवला की माप सपाट, वर ढीग राहू दिला की शीग. माझी आजी ज्वारीच्या सोंगणीला जायची, मजुरी धान्यातच मिळायची. ती मजुरी मोजताना मालक हात फिरवायचा, आणि पावसाळ्यात उसनी नेलेली ज्वारी सुगीत सवाईनं, म्हणजे पायलीला सव्वा पायली, परत केली की तीच पायली शीग लावून भरून घ्यायचा. म्हणजे व्याज दोनदा गेलं ना, आणि वहीत लिहिलेली फक्त सवाई! मापात पाप म्हणतात ते हेच.

खळ्यावर मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत, मग दोन, तीन असं. आजी म्हणे, "लाभ त्यायले, दोन-तीन आपल्याले."

१९५६ ला मापांचा कायदा आला, पुढं बाजारात किलो आला, पायली घरात राहिली.

आता ही पायली आमच्याकडं कशी? आजीनं पायातल्या तोरड्या मोडून घेतली. कशाला, तर आणलेली मजुरी घरी परत मोजायला. पदरातली ज्वारी ती यात ओतायची आणि काठापासून किती खाली राहिली ते बोटं लावून पाहायची. कधी दोन बोटं, कधी तीन.