एजंट क्षमस्व

(आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलेलं.)

मंडळी, नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, 'घर विकताना: ऑनलाइन की एजंट?' सेक्रेटरींनी मला पाऊण तास दिलाय. त्यातली 7 मिनिटं माझी ओळख करून देण्यात गेली, आणि तीही वीज मंडळातला म्हणून करून दिली. मी टेलिफोनमध्ये होतो. शिव्या द्यायच्या तर निदान योग्य खात्याला द्याव्यात.

टेलिफोनचा इथे संबंध आहे, म्हणून सांगतो. त्या काळी फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. 'ओवायटी' म्हणजे 'ओन युवर टेलिफोन' योजनेत जादा पैसे भरले तरी थांबायचेच. फोन लागला की पेढे यायचे, आणि दोन दिवसांनी तोच माणूस यायचा, 'अहो, वाजतच नाही.' ही तक्रार मी 34 वर्षं ऐकली. फोन वाजायचा थांबत नाही, ही तक्रार मात्र पहिल्यांदा माझ्याच घरातून आली. कोथरूडचा फ्लॅट विकायला काढला, त्या सकाळी.

तो फ्लॅट तुमच्यापैकी निम्म्यांनी पाहिलाय, आपली कोजागरी त्याच गच्चीवर व्हायची. 640 चौरस फूट कार्पेट, दुसरा मजला, लिफ्ट नाही. 1987 साली घेतला तेव्हा सगळे म्हणाले, दुसऱ्या मजल्यावर वारा छान येतो. गुडघ्यांचं कुणी काही बोललं नाही.

मुलगा म्हणाला, बाबा, एजंट कशाला, घरविक्रीच्या वेबसाइटवर टाका, फुकट आहे. मला ते लगेच पटलं, कारण आपण सगळे 'एजंट क्षमस्व' पिढीतले. पेपरातल्या छोट्या जाहिराती आठवा. शब्दाला पैसे पडायचे. माणूस 'हवेशीर' खोडायचा, 'बसस्टॉपजवळ' खोडायचा, पण 'एजंट क्षमस्व', म्हणजे एजंटांनी येऊ नये, हे कधी खोडायचा नाही. गंमत बघा, आपण पाट्यांवर कुणाची क्षमा मागत नाही. गाडी लावलीत तर हवा सोडू, असं सरळ लिहितो. आख्ख्या पुण्यात क्षमा मागितली जायची ती फक्त एजंटाची.

तर मी फॉर्म भरायला बसलो. मजला कितवा, दार कुठल्या दिशेला, वास्तुशास्त्राप्रमाणे आहे का, फरशी कसली, स्वयंपाकघर मॉड्युलर आहे का. आमच्या स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा. 'ही' म्हणाली, मॉड्युलर लिहा, डबे हलवता येतात. फोटो मीच काढले. शेवटी वर्णनात सवयीनं लिहिलं, 'एजंट क्षमस्व.'

पहिल्या दिवशी 41 फोन आले. मी मोजले, खात्याची सवय. त्यातले 36 एजंट. 'सर, जेन्युइन पार्टी आहे माझ्याकडे.' मी म्हणायचो, अहो, लिहिलंय ना, क्षमस्व. तर म्हणे, 'हो सर, वाचलं. पण पार्टी जेन्युइन आहे.' एकजण हुशार निघाला. म्हणाला, मी एजंट नाही, घर मला स्वतःसाठीच हवंय. शनिवारी मेहुण्याला घेऊन आला. मंगळवारी परत आला, बरोबर दुसरा मेहुणा. पुढच्या रविवारी तिसरा मेहुणा, सोबत त्याचे आई-वडील. हिनं चहा ठेवला आणि विचारलं, 'तुम्हाला एकूण किती बहिणी?'

दहा दिवसांनी साइटच्या ऑफिसातून एक मुलगी बोलली. फार गोड. 'सर, तुमच्या प्रॉपर्टीला 200 व्ह्यूज आलेत, पॅकेज घेतलंत तर वर दिसेल.' पुढच्या आठवड्यात दुसरी मुलगी, थोडं मोठं पॅकेज. तिसऱ्या वेळी मुलगा आला, त्याला आधीच्या दोघींचा पत्ताच नव्हता. 200 व्ह्यूजचं कौतुक मी घरात सांगितलं. ही म्हणाली, 'दूधवाला रोज बघतो, त्याला धरून 201.' पैसे भरले. किती ते सांगत नाही, हिला अजून पूर्ण आकडा माहीत नाही आणि ती दुसऱ्या रांगेत बसली आहे. व्ह्यूज वाढले. घर तिथंच.

इथे मला आमच्या लेकीनं सांगितलेली गोष्ट आठवते. ती असते इंग्लंडात, रेडिंगला. तिथे पद्धत निराळी. एजंट फक्त विकणाऱ्याचा, खरेदीदार त्याला एक पेनी देत नाही. आणि राइटमूव्ह म्हणून तिथली सगळ्यांत मोठी साइट, तिच्यावर तुम्हाआम्हाला स्वतःचं घर टाकता येत नाही. ते एजंटानंच टाकायचं. मग काही कंपन्यांनी शक्कल काढली, दुकान नाही, काच नाही, टक्केवारी नाही, ठरीव फी द्या, बाकी सगळं ऑनलाइन. त्यातली नावाजलेली पर्पलब्रिक्स, 2012 ची. एके काळी शेअरबाजारात तिची किंमत 1 अब्ज पौंडांच्या वर गेली होती. 2023 साली ती विकली गेली, कितीला? 1 पौंडाला. तेव्हाचे साधारण 100 रुपये. घरं विकणाऱ्या कंपनीला स्वतःला गिऱ्हाईक मिळेना, असं लेक म्हणाली. बुडण्याची कारणं तिथले जाणकार अनेक सांगतात, मला त्यातलं एकच कळतं. ती फी घर विकलं गेलं तरी द्यायची आणि नाही गेलं तरी द्यायची. माझ्या पॅकेजसारखी.

असो. आता आमचे तात्या. खरं नाव सांगत नाही. लाँड्रीशेजारी गाळा, पाटीवर 'फ्लॅट, प्लॉट, दुकान, भाडेकरार, झेरॉक्स'. 30 वर्षं मी त्या गाळ्यावरून गेलो आणि 30 वर्षं मान वळवून गेलो. चौथ्या महिन्यात हिनंच त्यांना बोलावलं. तात्या आले, चप्पल काढली, बेडरूमच्या छताला ओल होती ती एकदा बघितली, आणि बसल्या बसल्या एकच प्रश्न विचारला. 'सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावानं आहे?'

मी म्हटलं, माझ्या. आणि आईच्या. आई 2004 साली गेली.

'मग तिच्या हिश्श्याचं काय केलंत?'

मंडळी, काहीच केलं नव्हतं. नॉमिनेशन माझं होतं, तेवढ्यावर मी निर्धास्त होतो. तात्या म्हणाले, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, राखणदार. आईच्या हिश्श्यात तुमची बहीणही आहे. हे आज तुम्हाला चालतंय, उद्या खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाला चालणार नाही. टोकन घेऊन बसाल आणि कर्ज अडकेल. आधी हक्कसोडपत्र करा, तेही नोंदवून.

बहिणीला नागपूरला फोन केला. आता बहिणीला 'तुझा हक्क सोड' हे फोनवर कसं सांगायचं? मी आधी हवापाण्याची चौकशी केली, मग भाच्याची, मग परत हवेची. शेवटी तीच म्हणाली, 'दादा, सही पाहिजे का कुठे?' महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आली, दुय्यम निबंधकांकडे अंगठा दिला, फोटो दिला, चार दिवस राहिली. जाताना म्हणाली, आईची पितळी परात मात्र मी नेते. ती परात हिला हवी होती. त्यावर जे झालं ते आजच्या विषयात बसत नाही.

पण एवढं धरून ठेवा. इतक्या रकान्यांचा फॉर्म मी भरला, त्यात दाराची दिशा होती, ओटा होता. घर कुणाचं, हा रकाना मला भेटला नाही. तात्यांचा पहिला प्रश्न तोच होता.

आता तुम्हाला वाटेल हा तात्यांची आरती करायला उभा राहिलाय. थांबा. पुढच्या महिन्यात तात्यांनी गिऱ्हाईक आणलं. आयटीतलं तरुण जोडपं. मी 85 लाख म्हणत होतो, ते 82 म्हणाले. तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, 'काका, क्लोज करून टाकू. पार्टी हातची जाईल.' रात्री मी कागदावर आकडे मांडले. तात्यांची दलाली एक टक्का. 85 ला विकलं तर त्यांना 85 हजार, 82 ला विकलं तर 82 हजार. माझे 3 लाख जातात तिथे त्यांचे 3 हजार जातात. त्या 3 हजारांसाठी ते आणखी दोन महिने कशाला घासाघीस करतील? शिवाय एक टक्का समोरूनही घेणार. दोन्ही बाजूंचा वकील एकच.

सौदा 84 लाख 50 हजारांना ठरला, कारण मी अडून बसलो. नोंदणीच्या दिवशी नंबर लागायची वाट बघत बसलो होतो तेव्हा त्या जोडप्यातली मुलगी हसत म्हणाली, 'तात्या आम्हाला म्हणाले, काका हट्टी आहेत, पण तुमच्यासाठी मी तोडून आणतो.' मला ते म्हणाले होते, पार्टी चिक्कू आहे, पण तुमच्यासाठी मी वर ओढतो. मी तिला विचारलं, तात्या तुम्हाला भेटले कुठे? तर म्हणे, साइटवर. त्याच साइटवर, मंडळी! मी जिथे क्षमस्व लिहिलं होतं तिथेच तात्यांनी त्यांच्या खात्यावरून माझा फ्लॅट टाकला होता. 'तुमचीही जाहिरात दिसली होती काका, पण त्या फोटोत बाल्कनीत बनियन वाळत होते.'

चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटे. चहा निवतो.' बरं. जे सांगायला आलो ते आता पळत सांगतो.

ऑनलाइन की एजंट हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. या साइटींचे मोठे गिऱ्हाईक एजंट आणि बिल्डरच आहेत, तेव्हा तुम्ही एजंटाकडे गेलात तरी साइटवर जाताच, आणि साइटवर गेलात तरी एजंट येतातच. विचारायचं ते हे, की कुणाचे पैसे कशावर अवलंबून आहेत. घर लवकर विकलं जावं हे एजंटाला हवं असतं, भाव दोन लाख इकडे की तिकडे याची त्याला फारशी क्षिती नसते. पॅकेजवाल्याला विकलं जाण्याचीही घाई नसते. तुमच्या भावाची काळजी दोघांनाही नाही. म्हणून भाव तुम्हीच काढायचा.

तो कसा? साइटवर दिसतो तो मागितलेला भाव. मागायला काय, मीही मागितले. मिळालेला भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये फुकट बघता येतो. सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, त्यात 'मोबदला' नावाचा रकाना असतो. आपल्याच बिल्डिंगमधले, शेजारच्या सोसायटीतले अलीकडचे दोन-तीन व्यवहार काढा. मी 85 वर अडलो तो या कागदाच्या जोरावर. त्यात 'वरचे' दिसत नाहीत, हे तुम्ही मला सांगू नका आणि मीही तुम्हाला सांगितलं नाही.

कागद स्वच्छ असतील, भाव माहीत असेल, घर दाखवायला घरात कुणी असेल आणि 41 फोन घ्यायची ताकद असेल तर खुशाल स्वतः टाका, सगळ्यात आधी सोसायटीच्या फळ्यावर आणि ग्रुपवर. शेजाऱ्याला मुलासाठी घर हवं असतं आणि तो साइटवर शोधत असतो. वारस, हिस्से, हरवलेले करारनामे, परदेशातली मुलं यातलं काही असेल तर गल्लीतला माणूस घ्या. पण दलाली किती, कधी आणि कुणाकुणाकडून, हे आधी कागदावर घ्या. पैसे नोंदणीच्या दिवशी, त्याआधी नाही. मूळ कागद हातात द्यायचे नाहीत, झेरॉक्स. झेरॉक्स तर त्यांच्याकडेच निघते.

एजंटाला महारेराचा, म्हणजे घरप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर विचारावा का? विचारा. महाराष्ट्रात आता एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची आहे. पण 2016 च्या रेरा कायद्यातली एजंटाची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पांतल्या घरांसाठी. आपल्या 40 वर्षांच्या बिल्डिंगमधली पुनर्विक्री त्यात येत नाही, तेव्हा नंबर नसला म्हणून तात्या बेकायदा होत नाहीत, आणि काही बिनसलं तर तुम्हाला तिथे दादही मागता येत नाही.

सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला ना-हरकत दाखला लागत नाही, पण खरेदीदाराची बँक मागते, त्यामुळे चेअरमनशी भांडण असेल तर ते पुढे ढकला. घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ते हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त 25 हजार, 'देणगी' म्हणून मागितले तरी तेवढेच. व्यवहार 50 लाखांचा किंवा वरचा असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस, म्हणजे आपल्या नावचा कर, कापून भरतो. तो आपलाच पैसा आहे, त्यावरून त्या पोराशी हुज्जत घालू नका, मी घातली. घर परदेशात राहणाऱ्या मुलाच्या नावावर असेल तर मात्र कापला जाणारा कर बराच जास्त, त्यासाठी सौद्याच्या आधीच सीए गाठा. घर विकून होणाऱ्या भांडवली नफ्यावरच्या कराचे नियम 23 जुलै 2024 पासून बदललेत, तेही तोच सांगेल. 2001 च्या आधी घेतलेलं घर असेल तर 1 एप्रिल 2001 चं मूल्यांकन करून घ्यायला विसरू नका.

सेक्रेटरी उभे राहिलेत. पुनर्विकास येणार असेल तर आत्ता विकावं की थांबावं, यावर मी बोलणार होतो, खिशात चार पानं आहेत. त्याला वेगळी संध्याकाळ द्या, आणि त्या दिवशी चहा आधी द्या.